दोन्ही पिशव्या आल्याशिवाय

"माल निघाला" असं कोणी म्हटलेलं बाबूजींना चालत नसे. म्हणणाऱ्याच्या समोर ते येऊन उभे राहत. "निघाला म्हंजे कुठून निघाला? गोदामातून का फाटकातून? ड्रायव्हर नाक्यावर चहा पिऊन राह्यला असंल, तर त्याला निघाला म्हणायचं का?" मग बाबूजी स्वतःच रस्त्यापर्यंत जाऊन पाहून येत.

त्यांना सगळे बाबूजीच म्हणत, हमालांपासून मालकापर्यंत, म्हणून मीही तेच लिहिते. नवीन जालन्यात बियाण्याची एक लहानशी कंपनी होती. मोठ्या कंपन्यांच्या पाट्या स्टेशनवरून दिसायच्या, आमची पाटी गल्लीत शिरल्यावरही शोधावी लागे. मी तिथं पिशव्या शिवायला होते. चौथी शिकले होते, अक्षर लागत होतं, म्हणून पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायचं कामही माझ्याकडं आलं. माल बाहेरगावी पाठवायचं काम बाबूजींचं. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. गोदामात एक फोन होता, आणि तो बहुतेक वेळा मुकाच असायचा.

माणूस वाळका, शर्टाची गळ्याची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. खुर्चीवर बसले तरी टोकावर बसत. चप्पल कधी काढत नसत. जेवतानाही पायात. "ऐन वेळी घालण्यात वेळ जातो," म्हणत. डबा रस्त्याकडं तोंड करून खायचे, आणि हॉर्न वाजला की तोंडातल्या घासासकट उठायचे. त्यांची बायको एकदा गोदामात आली होती. मला म्हणाली, "आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला होता, तवाबी यांचं ध्यान भायेर. पाव्हण्यांची गाडी आली न्हाई म्हणून." तिला यात गंमत वाटत होती की राग येत होता, ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

काळजी हा त्यांचा धंदाच होता. आणि काळजीचं काम ते एकट्यानं करत नसत, सगळ्यांना लावत. माल एकदा ट्रकमध्ये चढला की ते नाक्यावर जाऊन समोरून येणाऱ्या गाड्या थांबवत. "अंबडकडून आले का? निळ्या टपाची गाडी दिसली का वाटंत? उभी होती का चालू होती?" ड्रायव्हर लोक त्यांना ओळखून होते. काही लांबूनच हात हलवत आणि गाडी न थांबवता ओरडत, "चालू हाय, बाबूजी, चालू हाय!" पाहिलेली असो वा नसो. त्यावर बाबूजी परत येत, घोटभर पाणी पीत आणि थोड्या वेळानं पुन्हा जात.

माल उशिरा का पोचतो याबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. ते म्हणायचे, "रस्त्यात उशीर होत न्हाई, बाई. गाडी चालूच असती. माल जिथं बसून राह्यतो, तिथं उशीर होतो." हे खरंच होतं. ट्रान्सपोर्टवाला गाडी पूर्ण भरल्याशिवाय सोडत नसे. गाडी भरायची तर दुसऱ्या कोणाची तरी पोती यावी लागत. ती पोती कुठल्या तरी गोदामात सुतळीवाचून पडलेली असत. सुतळी आणणारा कुठल्या तरी लग्नाला गेलेला असे. बाबूजी या साऱ्याचा माग काढत काढत त्या लग्नापर्यंत पोचायचे.

पण त्यांचे उपाय असे, की रोग बरा.

एकदा त्यांनी मला लाल कापड आणून दिलं. जल्दीचा माल असेल त्या पोत्याच्या तोंडाशी लाल चिंधी शिवायची, म्हणजे हमाल ते आधी चढवतील. पहिले काही दिवस बराबर चाललं. मग दुकानदारांना पत्ता लागला. प्रत्येक जण निरोप धाडू लागला, "आमच्या मालाला लाल लावा." बाबूजींना नाही म्हणता येईना. एखाद्याला नाही म्हटलं आणि त्याचाच माल अडकला तर? पेरणीच्या तोंडावर गोदामात सगळी पोती लाल झाली. हमाल म्हणाले, "बाबूजी, आता कोणतं चढवू?" मग बाबूजींनी फार जल्दीच्या मालाला दोन चिंध्या लावायला सांगितल्या. मी म्हटलं, "बाबूजी, हे तीनवर जाईल." ते म्हणाले, "तवाचं तवा पाहू." तीनवर गेलं. मग कापड संपलं.

तारखांचंही तसंच. चार दिवसांनी लागणारा माल ते ट्रान्सपोर्टवाल्याला उद्या लागतो म्हणून सांगत. ट्रान्सपोर्टवाला त्यांना ओळखून होता, तो मनात चार दिवस धरून चाले. हे कळल्यावर बाबूजी "आत्ता लागतो" म्हणू लागले. पुढं पुढं आमच्या गोदामात कोणता माल खरंच कधी लागतो, हे कोणालाच सांगता येईना, बाबूजींनाही.

आता जोडीच्या पिशव्यांचं सांगते, कारण त्यावरच सगळं आलं.

कपाशीचं संकरित बी शेतात तयार करतात, तेव्हा दोन जातींचं बियाणं लागतं. एक नर, एक मादी. एकाच रानात वेगवेगळ्या ओळींत पेरायचं. फुलं लागली की बायका नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावत फिरतात. त्याला क्रॉसिंग म्हणतात. मादीची पिशवी मोठी, नराची अगदी लहान, कारण नराच्या ओळी थोड्या. कंपनी शेतकऱ्याला दोन्ही पिशव्या देते आणि तयार झालेलं बी विकत घेते. याला आमच्याकडं प्लॉट घेणं म्हणतात.

एका वर्षी परतूरकडच्या एका माणसाला दुकानदारानं नराची पिशवी आधी दिली, मादीची नंतर देतो म्हणाला. त्या माणसाच्या भावाला वाटलं, हेच बी. त्यानं आणखी नर मागून आणला आणि सगळं रान नराचं पेरलं. फुलं आल्यावर गाव बघायला लोटलं. सगळे नवरदेव, नवरी एक नाही. लोक हसले, मालक हसले नाहीत. बाबूजींना सगळ्यांसमोर बोलले.

त्यानंतर बाबूजींनी नियम केला. नर-मादी जोडीनंच जाईल. माझ्याकडून दोन्ही पिशव्यांची तोंडं एका दोरीनं बांधून घ्यायचे, आणि दुकानदार जालन्यात आला की त्याचा हात पिशवीवर ठेवून वदवून घ्यायचे. "दोन्ही पिशव्या आल्याशिवाय?" दुकानदारानं म्हणायचं, "कोणालाबी देणार न्हाई." "मालक सोता आला तर?" "तरीबी देणार न्हाई." एक दुकानदार हसला, तर त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

दोन-तीन वर्षं हे सुरळीत चाललं. मग कंपनीनं कपाशीची नवी जोडी काढली. यातला नर उशिरा फुलणारा होता. त्यामुळं नर आधी पेरायचा आणि तो उगवून आल्यावर मादी पेरायची, म्हणजे दोघांची फुलं एका वेळी येतात. कंपनीचं शेतीचं काम बघणाऱ्या साहेबांनी बाबूजींना बजावलं, आधी नुसता नर पाठवा, तो पेरल्याचा निरोप आला की मादी सोडा.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, प्लॉट घेतला. तिचं गाव वडीगोद्रीच्या अलीकडं, कालव्याकाठी. मेव्हणे दम्यानं घरी बसलेले, रान तीच बघायची. प्लॉट घे, असं मीच तिला सांगितलं होतं. गावातले पुरुष म्हणाले, बाईचं काम न्हाई. तिनं ऐकलं नाही, रान तयार केलं, क्रॉसिंगला येणाऱ्या बायकाही सांगून ठेवल्या. सगळा भरवसा कालव्याच्या पाण्याच्या पाळीवर. पाणी येतं, काही दिवस राहतं आणि पुढं जातं, ते कोणासाठी थांबत नाही. साहेबांनी तिला सांगितलं होतं, या पाळीत नर पेरला नाही तर प्लॉट रद्द.

नराच्या पिशव्या मी माझ्या हातानं शिवल्या आणि त्या ट्रकमध्ये चढल्या. दोन दिवसांनी ट्रकचा ड्रायव्हर चाचा परत आला. बाबूजींनी त्याला गाडीतून उतरूही दिलं नाही.

"पोचला?"

"पोचला, बाबूजी. दुकान में अपने हात से रख्खा."

बाबूजींनी हुश्श केलं आणि पेरल्याच्या निरोपाची वाट बघू लागले. तो येईना. मादीच्या पिशव्या दाराशी लावून ठेवलेल्या. बाबूजी त्यांच्याभोवती घिरट्या घालत. "पेरून कामून सांगून न्हाई राह्यले लोक?" मला विचारत, जसं काही मी शेतात उभी होते.

मग आक्काचा निरोप आला, दूध घालायला येणाऱ्या माणसाबरोबर. बी आलं नाही. कालव्याला पाणी सुटलं.

मी बाबूजींना सांगितलं. ते म्हणाले, "आलंय. चाचानं ठेवलंय." मी तोच निरोप उलटा धाडला. तिकडून पुन्हा आलं, दुकानात विचारलं, दुकानदार म्हणतो आलं नाही.

त्या दिवसापासून बाबूजींचा डबा तसाच परत जाऊ लागला. त्यांच्या मनानं चाचाला चोर ठरवलं. मग चाचा चोर नाही, पिशवी वाटेत पडली असं ठरवलं. मग उंदरांनी नेली. चाचाला बोलावून त्यांनी विचारलं, "खरं सांगा, उतरवली होती?"

चाचाचा चेहरा लाल झाला. "बाबूजी, बारा साल से तुमारा माल ढो रहा हूँ. एक दाना इधर-उधर हुआ क्या? आज मेरेको चोर बनाते?" आणि तो फाटकातून निघून गेला. हमाल आमच्याकडं बघत राहिले. मला बाबूजींची कीव आली नाही. माझ्या शब्दावर माझ्या बहिणीनं रान रिकामं ठेवलं होतं, आणि पाणी वाहून चाललं होतं.

पुढच्या सकाळी आक्का स्वतःच आली. फाटकात उभी, पदर कमरेला खोचलेला. माझ्याशी बोललीच नाही. सरळ बाबूजींसमोर गेली.

"तुमीच का ते, पोचलं पोचलं म्हणणारे?"

"बाई, माल पोचलाय."

"मंग माझ्या रानात का न्हाई? पाणी पुढं जाऊन राह्यलं. लोक येऊन इचारतेत, आक्का, काय पेरलं? म्या काय सांगू, जालन्याचा निरोप पेरला म्हणून?"

हमाल हसले. बाबूजी हसले नाहीत. ते उठले आणि म्हणाले, "चला."

मला नंतर कळलं, इतक्या वर्षांत ते नाक्याच्या पुढं कधी गेलेच नव्हते. सगळ्या मराठवाड्यात माल पाठवणाऱ्या माणसानं वडीगोद्री पाहिलेली नव्हती. आपण गेलो की मागं काहीतरी अडकेल, ही भीती. त्या दिवशी ते एसटीत बसले, आम्हा दोघींच्या पुढच्या बाकावर, अर्थात टोकावर. अंबडच्या स्टँडवर गाडी उभी राहिली तर कंडक्टरच्या मागं लागले. "का थांबली? कोण यायचंय? सोडा ना." कंडक्टर म्हणाला, "बाबा, ड्रायव्हर मुतायला गेलाय. त्याच्याबिगर सोडू का?" आक्का खिडकीबाहेर बघत होती. वाटेत कालवा दिसला की तिची मान वळायची. मी तिच्या हातावर हात ठेवला, तिनं आपला हात काढून घेतला.

वडीगोद्रीला दुकान रस्त्यालगतच होतं. दुकानदार बाबूजींना बघून उठून उभा राहिला, गादी झटकली. "या या, बाबूजी! आज गरिबाच्या दुकानात?"

बाबूजी उभ्यानंच म्हणाले, "नराची पिशवी कुठंय?"

दुकानदार खुशीत हसला. स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरचं गोणपाट बाजूला केलं. खाली ओळीनं नराच्या लहान लहान पिशव्या, माझ्या टाक्यांच्या. उंदीर लागू नये म्हणून फळीखाली पत्रा ठोकलेला. "बिलकुल जपून ठेवल्यात," तो म्हणाला. "आल्या त्या दिवसापासून हात लावू दिला न्हाई कोणाला."

आक्का म्हणाली, "अन् मला म्हणला, आलं न्हाई?"

"अर्धा माल आलाय म्हणलो असतो, तर तू सोडलं असतं का मला? उचलूनच नेली असती." मग बाबूजींकडं वळून तो म्हणाला, "तुमचीच ताकीद, बाबूजी. पिशवीवर हात ठेवून बोललोय. दोन्ही पिशव्या आल्याशिवाय देणार न्हाई. मालक सोता आला तरी न्हाई. म्या तर रोज वाट पाहून राह्यलो, मादी कधी येती. म्हणलं, गाडीत जागा नसंल."

जालन्यात मादी दाराशी उभी होती, नर पेरल्याच्या निरोपासाठी. वडीगोद्रीत नर फळीवर होता, मादी येण्यासाठी. कोणी चोरी केली नव्हती, कोणी आळस केला नव्हता. नुसता नर पाठवा, हे साहेबांनी बाबूजींना सांगितलं, बाबूजींनी मला सांगितलं, मी हमालाला सांगितलं. नुसता नर द्या, हे दुकानदाराला सांगायचं राहिलं. बाबूजींना वाटलं, एकटाच पाठवला म्हणजे एकटाच द्यायचा, हे कळेलच. पण न कळावं अशीच शिकवण त्यांनी त्याला दिली होती.

ते हळूच म्हणाले, "द्या ती पिशवी. बाकीच्याबी ज्याच्या त्याला आजच द्या."

दुकानदार स्टुलावरून खाली येईना. "पण मादी?"

तेव्हा आक्कानं हात वर करून तिची पिशवी ओढून घेतली आणि बाहेर पडली.

रानात पोचलो तेव्हा पाळी संपलेली होती. कालव्यात तळाशी शेवाळ आणि चिखल तेवढा राहिला होता. आक्का बांधावर उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. तिनं शेजाऱ्याला हाक मारली आणि विहिरीवर घागरी भरू देतोस का, असं विचारलं. नराच्या ओळी थोड्याच असतात. ती आणि मी बी टोकत गेलो आणि मेव्हणे बांधावर बसून खोकत खोकत ओळी सरळ आहेत का ते सांगत राहिले. बाबूजींनी घागर उचलली. आयुष्यात कधी उचलली नसावी. निम्मं पाणी पँटवर, निम्मं ओळीत. शेजारचे दोघे बघायला आले. एक म्हणाला, "आक्का, हा गडी कुठून आणला?" आक्का म्हणाली, "जालन्याचा हाय. उशिरा मिळाला." मी हसले. बाबूजी त्या दिवशी पहिल्यांदाच अनवाणी होते, चिखलात चप्पल रुतून बसली होती.

उन्हं कलेपर्यंत पाणी ओतलं. पण घागरीचं पाणी ते घागरीचंच. नर उगवला, पण खाडे पडले, निम्माच उगवला. साहेब येऊन बघून गेले. रद्द करत नाही, पण निम्म्या नरावर निम्मीच मादी चालते म्हणाले, प्लॉट निम्मा करा. आक्कानं निम्म्या रानात मादी पेरली, उरलेल्यात तूर टाकली. बोलवून ठेवलेल्या बायकांतल्या निम्म्या बायकांना तिला "नका येऊ" सांगावं लागलं. ते तिला सगळ्यात जड गेलं. त्या बायकांतली एक पुढं वर्षभर तिच्याशी नीट बोलली नाही.

फुलं येईपर्यंत आम्हाला धास्ती होतीच. उशिरा पेरलेला नर वेळेवर फुलेल का नाही, सांगता येत नव्हतं. मादीच्या कळ्या दिसू लागल्या तरी नर हिरवाच. आक्का रोज पहाटे जाऊन नराच्या ओळीतून फिरून यायची. अखेर फुलला. तिनं निरोपात एवढंच कळवलं, "फुललं."

बाबूजी या सगळ्यानं सुधारले का? नाही. त्यांनी प्रत्येक दुकानदाराला जोडीच्या शपथेतून मोकळं केलं, आणि मग शपथ सुटली म्हणून कोणी भलतंच काही करील याची त्यांना नवी काळजी लागली. चाचाकडं मात्र ते स्वतः गेले. काय बोलणं झालं माहीत नाही. पुढच्या आठवड्यात चाचाची गाडी पुन्हा आमच्या फाटकाशी लागली, एवढं मी पाहिलं.

आता माझी सून बसल्या जागी कुरियरवाल्याला फोन करते. तो म्हणतो, निघालंय. ती मला सांगते, आत्या, निघालंय. मी उठून दारापर्यंत जाऊन पाहून येते.

आक्काचं बी कंपनीच्या तपासणीत पास झालं. निम्म्या प्लॉटचं का होईना, झालं. दुसऱ्या वर्षी पेरणीआधी ती गोदामात आली. पुन्हा प्लॉट घ्यायचा म्हणाली. बाबूजी खुर्चीवरून उठले. माल कधी पाठवू, कोणाबरोबर पाठवू, दुकानात ठेवू का थेट गावात, नर पेरताना मी येऊ का, असे एकामागून एक विचारू लागले. आक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबूजी," ती म्हणाली, "काळजी करायला म्या हाय. तुमी फकस्त बी द्या."

बाबूजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पिशव्यांकडं पाहिलं. त्यांनी आत जाऊन नर आणि मादी दोन्ही पिशव्या स्वतः उचलून आणल्या. माल ज्याचा आहे, त्याच्या हातात त्यांना देताना मी कधी पाहिलं नव्हतं. आक्कानं मोठी पिशवी डोक्यावर घेतली, लहान काखेत मारली, आणि उन्हातून स्टँडकडं चालू लागली.